डोळ्यांसमोरचा कप्पा

चूक मेहुण्याची होती, आणि तो मेहुणा म्हणजे हे सांगणाराच असल्यामुळे ती दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. सुट्टीच्या दिवशी सगळे जेवायला जमले होते. टेबलावर एक काळाभोर, सडपातळ कॅन येऊन उभा राहिला होता. मेहुण्याने तो उचलला, खोकल्याच्या औषधासारखा गदागदा हलवला आणि थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या, म्हणजे दाजींच्या, अगदी तोंडासमोर उघडला. पुढच्याच क्षणी दाजींच्या मिशांतून फेस गळू लागला. पांढऱ्या शर्टाच्या खिशावर कंपनीचं नारंगी फळ शिवलेलं होतं, त्याच्यावरून पिवळा ओघळ पार पट्ट्यापर्यंत गेला.

"अरे, हलवतात का कधी?" थोरली ओरडली.

"औषधासारखं दिसलं म्हणून हलवलं."

"औषधच आहे ते," दाजी मिशा पुसत म्हणाले. "रोग कुठला, ते कंपनी शोधतेय अजून."

सगळे हसले. सगळ्यात मोकळं हसला तो धाकट्या बहिणीचा नवरा, दाजींचा साडू. कॅन त्यानेच आणला होता. आणि हसता हसता टॉवेल घेऊन दाजींचा शर्ट पुसायला धावला, तोही तोच. दाजींनी टॉवेल त्याच्या हातातून काढून घेतला. पुसायचं तर स्वतःच पुसू, उपकार नकोत.

दाजी शीतपेयाच्या कंपनीत सेल्समन होते, ते मिशी काळी असल्यापासून. मिशी पांढरी झाली, हुद्दा तोच राहिला. नारंगी पेयाच्या बाटल्या व्हॅनमध्ये घालायच्या, दुकानोदुकानी जायचं आणि कंपनीने दुकानदाराला दिलेला काचेच्या दाराचा फ्रिज लावायचा, हे त्यांचं काम. फ्रिज भरणं वेगळं आणि फ्रिज लावणं वेगळं, असं ते म्हणत. प्रत्येक बाटली कोरड्या फडक्याने पुसायची, तिचं तोंड गिऱ्हाइकाकडे वळवायचं, दोन बाटल्यांमधून गार हवा फिरेल एवढी फट ठेवायची. आणि मधला, उभ्या माणसाच्या नजरेसमोर येणारा कप्पा? तो देव्हाऱ्यासारखा सांभाळायचा. "माणूस तहानेने बाटली घेत नाही," ते सांगत, "समोर दिसते म्हणून घेतो. खालच्या कप्प्यात अमृत ठेवलं तरी कोण वाकतोय?"

तर त्या जेवणाच्या आधी एके दिवशी कंपनीच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून जाहीर केलं, "जग बदललं आहे. लोकांना आता तहान लागत नाही, थकवा येतो." म्हणून कंपनी एनर्जी ड्रिंक काढणार. ते विकायला चपळ, तरुण माणूस हवा. तो निघाला साडू. त्याला कंपनीत चिकटवलं होतं कुणी? दाजींनीच. धाकटीने डोळ्यांत पाणी आणलं आणि यांचं मन विरघळलं. आता ते स्वतःच्या विरघळणाऱ्या मनाला रोज शिव्या घालत होते.

साडूला काळं जॅकेट मिळालं, पाठीवर विजेची रेघ. नवीकोरी छोटी गाडी मिळाली, तिच्यावरही विजेची रेघ. दाजींच्या व्हॅनवरचं नारंगी फळ उन्हाने इतकं फिकं पडलं होतं, की नवीन माणसाला तो बटाटा वाटे. त्यात थोरली एकदा सहज बोलून गेली, "जॅकेट शोभतं हो त्याला."

"मी घातलं तर नाही शोभणार?"

"तुम्हाला बटणं लागतील का पण?"

सासऱ्यांनी तर कहरच केला. दाजींच्या नारंगीने त्यांचं पोट फुगायचं, ढेकर यायचे, छातीत कसंतरी व्हायचं. धाकट्या जावयाचा एक कॅन रिचवून मात्र त्यांनी दुपारची झोप सोडली, गच्चीचं दार रंगवलं, रंग उरला म्हणून शेजाऱ्यांचंही रंगवलं. "काय तरतरी येते!" ते भेटेल त्याला सांगत सुटले. दाजी तो कॅन 'काळा डबा' याच नावाने ओळखत, खरं नाव त्यांच्या ओठांवर कधी आलं नाही.

हेही त्यांनी गिळलं असतं. पण दोन फर्मानं आली. पहिलं, मधला कप्पा यापुढे काळ्या डब्याचा, नारंगी खाली. दुसरं, हंगाम संपला की दोन्ही पेयांवर मिळून एकच सुपरवायझर नेमणार, आणि तो या दोघांपैकीच. म्हणजे उद्या रजा मागायची तर साडूकडे. उशीर झाला तर कारण सांगायचं साडूला. सासरी एकाच टेबलावर जेवायचं आणि ऑफिसात त्याच्या टेबलासमोर उभं राहायचं!

मग त्यांनी उपाय काढला. दाजी दुकानांत सकाळी जात, साडू दुपारनंतर. सकाळी दाजी गुडघ्यांवर बसायचे, मधल्या कप्प्यातले सगळे काळे डबे काढायचे, तळाच्या कप्प्यात मोठ्या बाटल्यांच्या मागे अंधारात कोंबायचे आणि मधे पुन्हा आपली नारंगी सजवायचे. डबा दिसणार नाही, खपणार नाही, साडूचं तोंड एवढंसं होईल. साधा हिशेब.

घडलं भलतंच. दुकानदार फ्रिजकडे बघायचा, काळा डबा औषधालाही नाही. संपला वाटतं सगळा! तो साडूला फोन लावायचा, "अहो, तुमचा माल उडतोय. आणखी पाठवा." दुकानदार मधली नारंगी वरच्या कप्प्यात सरकवायचा आणि साडू आनंदाने तिथे नवा माल लावून जायचा. तळाकडे तो बघत नसे. तो साडूभाऊंचा, म्हणजे दाजींचा, कप्पा, त्यांच्या मांडणीला आपण हात लावायचा नाही, असं त्याने स्वतःच ठरवलं होतं. दुसऱ्या सकाळी दाजी पुन्हा गुडघ्यांवर. जितके डबे ते गाडत, तितकी साडूची मागणी फुगत होती. दाजींना हे कळेना, की एवढं करूनही हा मेला हसतो कसा?

शेवटी साहेब स्वतः बघायला आले, सगळ्यात जास्त मागणीच्या दुकानात. एका बाजूला साडू, दुसऱ्या बाजूला दाजी. मधला कप्पा काळ्या डब्यांनी भरलेला. साहेब खूश. उकडत होतं म्हणून त्यांनी पाणी मागितलं. दुकानदाराने वाकून तळातली मोठी बाटली ओढली आणि तिच्यामागून काळे डबे सुटले ते धडाधड फरशीवर. एक घरंगळत येऊन साहेबांच्या बुटाला टेकला.

दुकानदार आ वासून बघत राहिला. दाजी फ्रिजचा दिवा नीट लागतो की नाही, ते तपासू लागले. साडूने डब्यांकडे पाहिलं, मग दाजींकडे पाहिलं. त्याच्या लक्षात आलं.

"खालीसुद्धा साठा?" साहेब म्हणाले. "हे कुणी लावलं?"

दाजींची नोकरी घालवायला साडूचा एक शब्द पुरला असता. साडू शांतपणे म्हणाला, "साडूभाऊंनी, साहेब. त्यांच्याशिवाय एवढी मागणी आलीच नसती."

आणि यातलं एक अक्षर खोटं नव्हतं!

"वा!" साहेबांनी साडूच्या पाठीवर, बरोबर विजेच्या रेघेवर, थाप मारली. "जुन्या माणसाला ज्याने आपल्या मालासाठी गुडघ्यांवर बसवलं, तोच खरा सुपरवायझर!"

झाला साडू सुपरवायझर. सासऱ्यांनी आनंदाच्या भरात जिन्याचा कठडा रंगवला.

साडूची पहिली ऑर्डर निघाली ती अशी, की मधला कप्पा अर्धा काळ्या डब्याचा, अर्धा नारंगीचा. ती सांगायला तो स्वतः व्हॅनपाशी आला. "साडूभाऊ, मांडणी तुम्ही करायची. मला नाही जमत तुमच्यासारखी. आणि ते दुकानातलं... कुणाला बोललो नाही. धाकटीलासुद्धा नाही." दाजी हुं म्हणाले आणि बाटल्या पुसत राहिले.

संध्याकाळी त्यांनी हे सगळं मेहुण्याला सांगितलं, कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना म्हणून. व्हॅनच्या मागच्या फळीवर दोघं बसले होते. मेहुण्याने वाटलं तसं बोलून टाकलं, "काही म्हणा दाजी, माणूस मनाने फार चांगला आहे."

"तेच तर सहन होत नाही!"