वंशावळीचा अध्याय

दादरच्या फुटपाथवर एक जुनं पुस्तक उघडलं आणि परळच्या चर्चमधल्या पवित्र शास्त्राचा कुबट वास आला.

तेव्हा मी गावाहून मुंबईत नुकतीच आले होते. उपासनेत शास्त्र मोठ्याने वाचायला माझं नाव निघालं, तेव्हा चर्चमधले सॅम्युएलकाका सर्वांदेखत म्हणाले, "तालुक्याच्या शाळेतली ना गं तू? शास्त्रपाठ तुला झेपायचा नाही."

त्या रागाने मी वर्षभर घरी मोठ्याने शास्त्र वाचत राहिले. मग चर्चच्या पाळकांकडून उपासनेत वाचायला नुसत्या नावांनी भरलेला वंशावळीचाच अध्याय मागून घेतला. ती अवघड नावं पाठच होती. काकांकडे रोखून बघत सगळी म्हटली.

बाहेर काका हसले. "झकास! पण देवाला ऐकवत होतीस, की मला?"

"तुम्हालाच."

वाचनाची गोडी लागली, घरातली पहिली पदवीधर झाले. ती गोडी देवाने लावली, असं चर्चमध्ये साक्ष देताना सांगते. खरं तर काकांनी लावली. पण ते श्रेय त्यांना मी देणार नाही.