शिवणाच्या बाईंची ओढणी

लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला एक मुसलमान बाई होत्या. टांग्यातून उतरून आत आल्या की बुरखा खुंटीला लावायच्या. डोक्यावरची ओढणी मात्र दिवसभर असायची. तोंडात टाचण्या धरूनच बोलायच्या, "टाका बारीक, अक्का, बारीक!" मुली हसायच्या, पण टाका बारीक घालायच्या.

एकदा शिक्षकांचा फोटो काढायचा ठरला. मीही तिथलाच मास्तर, आमच्या घराण्यातला पहिला बी.ए., नवी काळी टोपी घालून ताठ बसलो होतो. हेडमास्तर म्हणाले, "बाई, ओढणी काढा, नाहीतर बाजूला व्हा. शाळा सुधारलेली दिसली पाहिजे."

बाईंनी टाचण्या सावकाश हातातल्या कापडात खोचल्या.

"काढते की, सर. पहिले तुमची पगडी काढा. ह्या अण्णांची टोपी पण," माझ्याकडे बोट करत त्या म्हणाल्या.

उघड्या डोक्यानं फोटो? आमच्यात घरात कुणी वारलं तरच पुरुष बोडका बसतो! माझा हात टोपीवर गेला, हेडमास्तरांचा पगडीवर.

"अहो, चारचौघांत बोडकं कसं बसायचं?" ते म्हणाले.

"हौ, तेच की," बाई म्हणाल्या.

हेडमास्तरांनाच हसू फुटलं. फोटोत बाई पहिल्या रांगेत आहेत, ओढणीसकट.