कोटेश्वरच्या वाटेवरची रिकामी सीट

जे आजवर कुणाजवळ बोललो नाही, ते आज लिहून टाकतो. आमच्या जानेफळात मी मोटरसायकल सुरू केली की ओट्यावरून कोणीतरी म्हणतंच, "भाऊ, वहिनी मांगं बसल्या ना? हात लावून पाहा बरं." कच्छात मी बायकोला चहाच्या टपरीवर विसरून पुढे निघून गेलो होतो, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. तिनेच हसत हसत सगळ्यांना सांगितलं. मीही हसतो. पण मी तिला विसरलो नव्हतो. ती बसलेली नाही हे मला माहीत होतं.

हरभरा घरात आला होता, लेकीचं लग्न आदल्या साली उरकलं होतं, आणि माझी जुनी हौस वर आली. मोटरसायकलवर द्वारका करायची आणि तिथून कच्छात थेट कोटेश्वर गाठायचं, जिथे जमीनच संपते. बायकोच्या कमरेला दुखणं, तरी ती माझ्याआधी तयार. निघताना तिने शेगावच्या महाराजांना साकडं घातलं की दोघं निघालो तसे दोघं परत येऊ द्या, मग घरी जायच्या आधी तुमच्या पायाशी येऊ. माझा तेव्हा अशा गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता. मी नुसता गाडीचं सामान बांधत होतो.

द्वारका करून कच्छात शिरलो, भूज सोडलं आणि वारा लागला. आपल्याकडे आखाडातला वारा पत्रे वाजवून निघून जातो. हा जातच नव्हता. दोन्हीकडे वेड्या बाभळी, लांबवर पवनचक्क्या, माणूस औषधाला नाही. सरळ रस्त्यावरसुद्धा गाडी वाऱ्याकडे कलती धरावी लागे. समोरून ट्रक आला की क्षणभर वारा तुटायचा आणि गाडी ट्रकच्याच अंगावर झेपावायची. ट्रक गेला की फटकन रस्त्याच्या कडेला फेकली जायची. दर खेपेला बायको माझ्या पाठीला घट्ट धरून मोठ्याने हसायची. पन्नाशीला टेकलेले आम्ही दोघं जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखे ओरडत होतो. इतका हरखलेला मी माझ्या लग्नातही नव्हतो.

नखत्राण्याच्या पुढे एका टपरीवर थांबलो. टपरीवालीला आणि तिथल्या ट्रकवाल्यांना बायको आपल्या वऱ्हाडी हिंदीत सांगू लागली की यांच्या हातात नुसतं हँडल आहे, गाडी रस्त्यावर राहते ती माझ्या वजनाने. सगळे हसले. थट्टाच होती. पण मी बोलून मोकळा होणारा माणूस नाही. तिच्या असल्या थट्टा वर्षानुवर्षं आत साठवत आलो होतो. चहा अर्धा ठेवून उठलो, गाडी सुरू केली. ती नळावर तोंड धुऊन पदर खोचत येत होती. आरशात मला स्वच्छ दिसली. मी गिअर टाकला.

आणि खरं सांगायचं तर मजा वाटली. गाडी हलकी झाली, पळू लागली. मीही हलका झालो. मागे वळायचा विचार मनाला शिवला नाही. मग वाऱ्याने हात घातला. मागचं वजन गेल्यावर गाडी हाताला ऐकेचना. एक ट्रक आला, वारा तुटला, पुन्हा येऊन आदळला, आणि मी गाडीसकट रस्त्याखालच्या मातीत. लागलं फारसं नाही, पण गाडी उचलेना. अर्धी उभी केली की वारा आडवी पाडायचा. तेव्हा पहिल्यांदा महाराजांचं नाव तोंडात आलं आणि तिथेच अडलं. कारण साकडं दोघांचं होतं.

बाभळींतून एक म्हातारा गुराखी आला. पांढरे कपडे, हातात काठी. दोघांनी मिळून गाडी उभी केली. तो रिकाम्या सीटकडे पाहत राहिला. त्याची भाषा मला येत नव्हती. मी मागच्या रस्त्याकडे बोट दाखवून एवढंच म्हणालो, "घरवाली." काठी आडवी धरून तो मागे बसला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी गाडी मागे वळवली, आणि ती रस्त्याला धरून चालली. टपरी दिसू लागली तशी त्याने पुन्हा थाप मारली, उतरला, आणि आम्ही जिकडून आलो त्याच दिशेने वाऱ्यात मान घालून चालू लागला. त्याला इकडे काहीएक काम नव्हतं.

बायको बाकावर बसली होती. माझा अर्धा चहा तिने बशीने झाकून ठेवला होता. म्हणाली, "आले काय? मले वाटलं, आता समुद्रातच जाऊन थांबता तुम्ही." मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "काऊन हो, मी बसली नाही हे समजलंच नाही काय तुम्हाले?"

मी म्हणालो, "नाही. या वाऱ्यात काई समजत नाही."

तिने माझ्या कोपराची माती झटकली आणि मागे बसली. संध्याकाळी कोटेश्वरला आम्ही समुद्र पाहिला.

परतताना आधी शेगाव. धुळीने माखलेले रांगेत उभे राहिलो. समाधीपुढे ती हळूच म्हणाली, "नेलं तसं आणलं, महाराज." माझी मान वर झाली नाही.

तो म्हातारा कोण होता, याचा मी वाद घालत नाही. मी टाकून निघालो होतो ते राखायला कोणीतरी आपली वाट सोडून आलं, एवढं मात्र खरं. माझ्या मनाने गेलो तो मातीत गेलो. पाठीवर थाप पडली तसा वळलो, म्हणून माझं माणूस मला राहिलं. शरण जाणं मला एवढंच कळलं आहे.

आता ती खांद्यावर हात ठेवेपर्यंत मी गिअर टाकत नाही. पण तेवढ्याने फिटत नाही, आणि हे लिहिल्यानेही फिटणार नाही. तिच्या तोंडाकडे पाहून खरं सांगणं, हे मी माझ्या बायकोचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.