सतरंजीएवढा कराटे

साडू सगळ्यांनाच असतात, पण ज्यानं कराटेचा एक अख्खा नवा प्रकार काढला आहे असा साडू त्रिभुवनात फक्त माझ्याच वाट्याला आला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. अमेरिकेतल्या अल्फारेटात आमच्या घरापासून त्यांचं घर गाडीनं दहा मिनिटांवर आहे, आणि हे अंतर मला पहिल्यापासून कमी वाटत आलं आहे. ते एका कंपनीत डेटाबेस सांभाळतात, मीही एका कंपनीत डेटाबेसच सांभाळतो. शिक्षण सारखं, हुद्दा उन्नीस-बीस, डोक्यावरचे केसही साधारण एकाच वेगानं गेले. तरी गावातले लोक मला 'मुक्ताचे बाबा' म्हणतात आणि त्यांना 'संस्थापक'. मी त्यांच्यावर जळतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुठे मी त्यांचं कौतुक केलं तर ते किती नाइलाजानं केलं आहे हे वाचणाऱ्याच्या लक्षात येईल.

त्यांच्या कराटेचा जन्म नागपूरच्या एका होस्टेलच्या खोलीत झाला. गच्चीवर एक मास्तर शिकवायचे, पण सराव खोलीत करावा लागे. खोलीत खाटा, ट्रंका आणि कायम झोपलेला एक रूममेट. मध्ये उरायची ती एक सतरंजी अंथरण्यापुरती जागा. त्या जागेत आमच्या साडूंची लाथ पुढे जाण्याऐवजी वर जायला शिकली, ठोसा कोपरापाशीच आटोपू लागला आणि प्रत्येक हालचालीची सुरुवात एक पाऊल मागे घेऊन होऊ लागली, कारण पुढे रूममेट होता. अमेरिकेत आल्यावर ते एकामागून एक दोन-तीन क्लासेसमध्ये गेले. तिथले हॉल मंगल कार्यालयाएवढे. प्रत्येक गुरूनं सांगितलं की बाबा रे, जरा मोकळा हो, सगळी जमीन वापर. हे आपले जागच्या जागी. शेवटी "इतकी जागा लागते तो कराटे कसला, ती तर शेती झाली," असं म्हणून त्यांनी सगळ्या गुरूंना नमस्कार केला आणि घरी आले.

स्थापना झाली ती गणपतीत, आमच्या मंडळाच्या स्टेजवर. एका नाटुकल्याचा नट आजारी पडला, म्हणून वेळ भरून काढायला कुणीतरी साडूंना उभं केलं. त्यांनी गणपतीसमोरची सतरंजी ओढून घेतली आणि तिच्यावर पाय न घसरू देता असं काही केलं की हॉल गप्प झाला. निवेदिकेनं विचारलं, ही कुठली स्टाइल म्हणायची? त्यांनी खाली बघितलं आणि सांगितलं, "सतरंजी शैली." झालं. त्यानंतर कार्यक्रमात माझं नाट्यगीत होतं. दोन महिने मी त्याची तयारी केली होती. मी डोळे मिटून आलाप घेतला, डोळे उघडले तेव्हा हॉलमध्ये तबलजी, पेटीवाल्या काकू आणि गणपती एवढेच उरले होते. बाकी सगळं पब्लिक पार्किंग लॉटमध्ये साडूंची नक्कल करणाऱ्या पोरांच्या लाथा बघायला गेलं होतं, त्यात माझी बायकोही होती.

तेव्हापासून दर शनिवारी त्यांच्या गॅरेजमध्ये क्लास भरतो. गाड्या बाहेर, मुलं आत, प्रत्येकाला एक सतरंजी. इथल्या दुकानात मिळणाऱ्या मॅटवर त्यांचा विश्वास नाही. त्या पायांना लाडावून ठेवतात म्हणे. म्हणून भारतातून येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकानं बॅगेत एक सतरंजी आणायची असा दंडक आहे. गेल्या खेपेला आमच्या सासूबाई आल्या तेव्हा मी एअरपोर्टवरच मेतकूट आणि भाजणीची चौकशी केली. त्या म्हणाल्या, अहो, वजन फार होत होतं, मग तुमचं तेवढं काढलं. बॅग उघडली तर आत लाल-निळ्या पट्ट्यांची नवीकोरी सतरंजी. जावई दोघंही एकाच घरचे, पण एकाचं सामान निघतं आणि दुसऱ्याचं चढतं, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

जपानी आरोळी त्यांना मानवत नाही. वरणभातावर वाढलेल्या पोटातून ती निघत नाही, असं त्यांचं मत आहे. त्यांच्या शैलीत ठोशाबरोबर "हाड्!" असं ओरडायचं. सोनेरी केसांची, तामीळ, कोरियन, सगळी पोरं एका दमात "हाड्!" ओरडतात आणि रस्त्यावरून मालकाबरोबर चाललेलं कुत्रं मराठीचा गंध नसताना शेपूट घालून पलीकडच्या फुटपाथवर जातं. शेजारच्या एक आजीबाई याची तक्रार करायला म्हणून आल्या. साडूंनी दोन पावलं मागे सरकून त्यांना आत जागा दिली, चहा दिला, एक सतरंजी दिली. आजीबाई आता ब्राऊन बेल्ट आहेत. माझ्या शेजाऱ्यांनी अजून माझ्या नमस्कारालाही धड उत्तर दिलेलं नाही.

शनिवारखेरीजही हा माणूस कधी नुसता उभा राहत नाही. भारतीय दुकानात बिलाच्या रांगेत ते गुडघे वाकवून असतात, दूध तापवताना एका पायावर असतात. ऑफिसच्या सकाळच्या मीटिंगमध्ये ते एका पायावर असतात आणि हल्ली त्यांची सगळी टीमही असते, असं ऐकतो. कुणी अंगावर खेकसलं की ते आधी एक पाऊल मागे घेतात. खेकसणाऱ्याला एवढी ऐसपैस जागा मिळते की त्याला पुढे काय बोलावं ते सुचत नाही. हे मीही करून पाहिलं. मॅनेजरसमोर मागे सरकलो तो प्रिंटरवर आदळलो.

हे सगळं मी सोसलं असतं. पण माझी मुलगी मुक्ता त्यांच्या क्लासला जाऊ लागली आणि दुखणं घरात आलं. पंधरा वर्षांच्या या मुलीकडे माझ्यासाठी 'फाइन', 'नथिंग' आणि 'बाबा, प्लीज' इतकेच शब्द आहेत. त्यातला शेवटचा रोजच्या भांडणात लागतो. मी तिला आणायला जाऊन गाडीत बसलेला असायचो. गॅरेजच्या उघड्या दारातून दिसायचं की ती काकांशी हातवारे करून बोलते आहे, शाळेतलं, मैत्रिणींचं, कुठलं कुठलं सांगते आहे, खिदळते आहे. मग ती येऊन सीट बेल्ट लावायची आणि कानात गाणी घालायची. काय झालं गं एवढं हसायला, असं विचारलं की नथिंग. त्या दहा मिनिटांच्या रस्त्यावर मी साडूंचा जितका मत्सर केला आहे तितका उभ्या आयुष्यात कुणाचा केलेला नाही. माझ्या वाटणीची मुलगी ते तिथे वापरून घेतात आणि उरलेली माझ्याबरोबर घरी पाठवतात, असंच मला वाटायचं.

या उन्हाळ्यात तिची ब्लॅक बेल्टची परीक्षा होती. सतरंजी शैलीत शेवटची परीक्षा एकच असते. घरातल्या ज्या माणसाशी आपलं सगळ्यात जास्त वाजतं त्याला आणायचं, एका सतरंजीवर समोरासमोर उभं राहायचं. त्यानं ढकलायचं. आपण सतरंजीबाहेर जायचं नाही, त्यालाही जाऊ द्यायचं नाही आणि त्याला लागू द्यायचं नाही. मुक्तानं मला किचनमध्ये गाठलं आणि शनिवारी फ्री आहेस का म्हणून विचारलं. मला धक्काच बसला. काकांना घे ना, मी म्हटलं, तुझं तर त्यांच्याशीच जमतं.

"काकांशी जमतं म्हणूनच तर नाही चालत," ती म्हणाली. "इट हॅज टू बी यू, बाबा."

सगळ्या गावासमोर आपल्या पोरीशी सगळ्यात जास्त भांडणारा माणूस म्हणून उभं राहायचं, आणि तेही साडूंच्या गॅरेजमध्ये. मी घरून फुगूनच निघालो. आजीबाई पहिल्या रांगेत होत्या. मी सतरंजीवर चढलो आणि मुक्ताला जपून, खांद्याला हात लावल्यासारखं ढकललं. ती हललीही नाही. हळू आवाजात म्हणाली, "नीट ढकल ना." पुन्हा ढकललं. "बाबा, प्लीज." हे दोन शब्द कानावर आले आणि गाडीत गिळलेलं सगळं माझ्या हातात उतरलं. मी अंगातला सगळा जोर लावला. तिनं एक पाऊल मागे घेतलं, बाजूला वळली आणि मी मोकळ्या जागेतून थेट सतरंजीच्या काठाकडे निघालो. पुढे गॅरेजची फरशी दिसली. तेवढ्यात माझ्या शर्टाची कॉलर आणि मनगट पकडलं गेलं. मी बोटांवर तिरका उभा, आणि मागे ती सगळ्या वजनानिशी मला तोलून धरून.

"आय गॉट यू," ती माझ्या कानाशी म्हणाली. "सोडत नाहीये मी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या असाव्यात. मला रडू येत होतं आणि ते घामात खपून जावं म्हणून मी तोंड पुसत राहिलो. साडूंनी तिला बेल्ट दिला, पण बांधताना त्यांची गाठ दोनदा सुटली. मग ते पाणी आणतो म्हणून घरात गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

मुक्ता मैत्रिणींबरोबर फोटो काढत होती. मी ड्राइव्हवेवर गाडीला टेकून उभा होतो. साडू येऊन शेजारी उभे राहिले, आणि मी पहिल्यांदाच पाहिलं की ते नुसते उभे आहेत, दोन्ही पायांवर, आपल्यासारखे. त्यांचा मुलगा सतरंजी शैलीचा पहिला विद्यार्थी. हायस्कूलमध्ये असताना बापाशी कडाक्याचं भांडून त्यानं क्लास सोडला. आता तो सिएटलला असतो आणि फोन आईला करतो. घरात त्याचा विषय कुणी काढत नाही, मीही काढला नाही.

"ही शेवटची परीक्षा मी त्याच्यासाठी बसवली होती," तेच म्हणाले. "म्हटलं, ब्लॅक बेल्टपर्यंत आला की त्याला मलाच आणावं लागेल. दुसरं कुणाला आणणार? पण पोरगा तिथवर आलाच नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचा फार हेवा वाटला हो मला आज."

या माणसानं माझा हेवा करावा म्हणून मी किती वर्षं आसुसलो होतो ते माझं मला ठाऊक. हे वाक्य कसं ऐकायचं, ऐकून कसं हसायचं, बायकोला कसं सांगायचं, सगळं मी मनात शंभरदा घोळवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात मी नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला. इतकी वर्षं जीव लावून जपलेला माझा मत्सर त्यांनी त्या एका वाक्यात काढून नेला, आणि त्या रिकाम्या जागी आता काय ठेवायचं ते मला अजून कळलेलं नाही.