हार घातलेली ती बाई माझी आई नव्हती

आई गेली ती इथे परदेशात, पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये, झोपेतच. संध्याकाळी इथल्या मराठी मंडळाच्या सांस्कृतिक सचिवांचा फोन आला. "काका, आजी नाटकात होत्या म्हणे! आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?" सुनेने कुणाला तरी सांगितलं असावं. हे गृहस्थ कितीदा तरी घरी येऊन पोहे खाऊन गेले, पण बाई, तुम्ही आयुष्यभर काय केलंत, असं त्यांनी म्हातारीला एकदाही विचारलं नव्हतं. आता मात्र त्यांना व्हॉट्सअॅपवर टाकायला एक थोर रंगकर्मी हवी होती.

आई नाटक कंपनीत शिरली तेव्हा तिने नुकतंच लुगडं नेसायला सुरुवात केली होती. बायकांची कामं तेव्हा बहुधा पुरुषच करत. बाईने बाईचं काम केलं की तिला बाजारबसवी ठरवायला सभ्य माणसं तयार असत. तीच माणसं पुढच्या रांगेत बसून 'वन्स मोअर' ओरडत आणि सकाळी तिला भाड्याने खोली नाकारत. ती धर्मशाळेत उतरली, अंगात ताप असताना रंग लावून उभी राहिली… लग्नानंतर वडिलांनी नाटकाचं नाव काढू दिलं नाही. ते गेल्यावर ही बंदी मी चालू ठेवली. मुलाच्या लग्नात व्याह्यांना मी सांगितलं, आई शाळेत गाणं शिकवायची. ती समोरच बसली होती. "हो, तिसरी-चौथीला," ती शांतपणे म्हणाली. इतकं चोख काम तिने रंगभूमीवरही केलं नसेल.

शोकसभा बुकित तिमाहला, एका बँकवाल्यांच्या कॉन्डोत झाली. समोर मोठा फोटो होता. नऊवारी, नथ, किंचित कललेली मान. सचिवांनी तो इंटरनेटवरून शोधून आणला होता आणि वर गुलाबांचा हार. माझी नात तिच्या इथल्या धाटणीच्या इंग्रजीत कानाशी लागली, "आबा, दॅट्स अ मॅन, लाह! गळा बघा ना." खरंच की, गळ्याची घाटी चांगली वर आलेली. त्या काळचा कुणी स्त्रीपार्टी नट होता तो. ज्यांच्याकडून आईने बाईची जागा झगडून घेतली, त्यांतल्याच एकाला ही मंडळी उदबत्ती ओवाळत होती. एक बाई तर त्या डोळ्यांतल्या मातृत्वाबद्दल इतकं बोलल्या, की लोकांनी रुमाल काढले.

मी उठलो. "अहो, हा पुरुष आहे."

सचिवांनी माइकवर हात ठेवला. "काका, आता राहू द्या ना. कार्यक्रम छान चाललाय."

आणि मी खाली बसलो. गप्प बसायचा सराव मला जन्मभराचा होता. नंतर बटाटेवडे आले.

म्हणून हे इथे लिहितो. माझी आई नटी होती. लोक तिकीट काढून तिला बघायला येत.

तिच्या खोलीतली खुर्ची अजून दाराकडे तोंड करून आहे. खिडकीतून झाडं दिसतात म्हणून सून ती खिडकीकडे वळवायची, आई पुन्हा फिरवून घ्यायची. मला तो म्हातारपणाचा हट्ट वाटे. समोरच्या प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही, हे तिला कंपनीत पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. शेवटची काही वर्षं तिच्यासमोर फक्त ते दार होतं… आणि त्या दारातून मी, "आई, काही हवंय का?" असं विचारून, उत्तराला न थांबता पुढे जात असे.