ओळीत उगवलेला कुर्डू

"तण कधी असं ओळीत उगवतं व्हय गं?"

पेरूच्या बागेत खुरपायला आलेल्या दोघींपैकी धाकटी थोरलीला विचारत होती. मी दोन झाडं सोडून पाण्याची कळशी घेऊन उभी होते आणि पुढे जावं की नाही हे ठरत नव्हतं. थोरलीने खुरपं थांबवून बांधाकडे पाहिलं. बांधावर कुर्डू फुलला होता. पांढरे-गुलाबी तुरे, दर दोन झाडांत बरोब्बर एक वीत अंतर, प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलींसारखे.

"साळंत गेलेला दिसतुय ह्यो कुर्डू," ती म्हणाली.

दोघी हसल्या. मी कळशी तिथेच ठेवली आणि आल्या पावली मागे फिरले.

शाळेत गेलेली मी होते. बारामतीच्या इंग्रजी शाळेत 'पर्यावरण वाचवा' या विषयावर मी दर वर्षी निबंध लिहायचे. दोनदा बक्षीस मिळालं, दोन्ही वेळा प्लास्टिकची कुंडी. त्या निबंधांत ध्रुवावरची अस्वलं होती, ॲमेझॉनचं जंगल होतं. सांगवीतला आमचा बांध नव्हता. कुर्डूचं लॅटिन नावसुद्धा मला आधी मोबाईलने सांगितलं, मराठी नाव नंतर मामीने.

रानफुलं पेरून फुलपाखरांना आणि मधमाश्यांना मदत करायची, हे मी ऑनलाइन वाचलं आणि ऑनलाइनच बी मागवलं. कागदी पाकिटावर 'निसर्गाकडे परत' असं छापलेलं होतं. पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी फुग्यांच्या प्लास्टिकात आणि ते सगळं खोक्यात. त्यातून दोन झाडं उगवली. ती शेळीने खाल्ली. निसर्गाकडे परत गेली ती एवढीच.

मग दिवाळीत इंदापूरकडे मामांच्या गावी गेले, तेव्हा माळावर कुर्डूचे वाळलेले तुरे दिसले. तळहातावर चुरडले की मोहरीहून बारीक, काळं, चकचकीत बी पडायचं. मी ते पाकिटात भरत असताना मामा-मामी आले.

"काय करतीस गं?"

"प्रोजेक्ट आहे."

मामा समाधानाने निघून गेले. शिक्षण संपून तीन वर्षं झाली तरी हे उत्तर चालतं. मामी मात्र थांबली. "अगं, ह्याचा कवळा पाला भाजीला खुडत्यात. बी कोण गोळा करतं? आमी जल्मभर उपटतोय त्याला."

मी हसले. न बोलता सुटायचं असलं की मी हसते.

अडचण बांधाची होती. आमच्याकडे माणसाची पारख बांधावरून होते. मुलगी द्यायची असली तरी आधी शेताला चक्कर मारतात आणि बांधावर गवत दिसलं की घर आळशी आहे असं धरतात. तात्या म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचा बांध इतका स्वच्छ की मुंगीलाही त्यावरून चालताना उघडं पडल्यासारखं वाटत असेल. त्यांना विचारायची माझी छाती नव्हती. म्हणून आषाढात ते चतुर्थीला मोरगावला गेले त्या दिवशी मी काम उरकलं. बी वाळूत मिसळलं. सुतळी ताणली. वीत मोजून मोजून पेरलं. जंगलीपणा असा शिस्तीत, चांगल्या अक्षरात.

उगवून आल्यावर घरी सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं नाही. त्याऐवजी थोरल्या मावशींना, म्हणजे खुरपणाऱ्या बाईंना, हळूच म्हटलं, "बांध राहू द्या. तात्यांनी निरोप दिलाय." त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि "बरं" म्हणाल्या.

त्यानंतर तात्यांच्या बागेत अभ्यास दौरा ठरला. पाहुणे पुढच्या आठवड्यात 'पर्यावरणपूरक शेती' बघायला येणार होते. फाटकावर तसा फ्लेक्स लागला. त्यावर तात्या हात जोडून उभे आणि मागे ट्यूलिपचं शेत. हे कुठलं शेत, असं कुणी विचारलं नाही. फुलं होती, पुरे होतं.

त्या दुपारी मी कळशी ठेवून फिरले, तर समोरून तात्या पाठीवर पंप अडकवून येत होते. पंपात तणनाशक होतं. पर्यावरणाची माणसं यायच्या आत बांध जळून साफ व्हायला हवा होता. ते थेट मावशींपाशी गेले, आणि त्यांच्यामागे मी.

"बांध तुमच्याकडं दिलाता न्हवं? फुलावर आला तरी दिसला न्हाय?"

"दिसला की."

"मग?"

"बांध राहू द्या म्हनून तुमचाच निरोप आलाता."

"माझा? कुणी सांगितला?"

मावशींनी पदर सारखा केला. माझ्याकडे पाहिलं, मग खुरप्याकडे.

"आता ध्यानात न्हाय, तात्या."

"ध्यानात न्हाय. बरं. वय झालं म्हणायचं. उद्यापास्नं दुसऱ्या बाया बघतो मी."

धाकटी मान खाली घालून खुरपत राहिली. मावशींनी खुरप्याची माती पुसली. आमच्या बागेत त्या माझ्या जन्माच्या आधीपासून खुरपत होत्या, आणि माझं नाव घ्यायला त्यांना एक शब्द पुरला असता.

एका तुऱ्यावर छोटं पिवळं फुलपाखरू बसलं होतं. माझं वाक्य नेहमीप्रमाणे आधी इंग्रजीत तयार झालं. त्यात जैवविविधता होती, परागीभवन होतं, वाक्य अगदी बक्षीस मिळण्यासारखं होतं. ते तात्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी पंपाचा दांडा हलवायला सुरुवात केली. मी बांधावर चढले आणि त्यांच्या नळीसमोर उभी राहिले. तात्या थांबले, आणि बहुतेक प्रथमच माझं बोलणं ऐकायला थांबले.

"निरोप मावशींनी बनवला नाही, तात्या, मी खोटा सांगितला. आणि ते तण नाहीये. म्हणजे, तणच आहे, पण मी पेरलंय."