बटणावरची चिठ्ठी

आम्रपाली तांबेचं नाव कोणी काढलं की मी उठून जातो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला राग आला. येतोच, पण तो माझा मला येतो.

मी चिंतामणी, रत्नागिरीतल्या एका छोट्या रक्तपेढीत नोंदी ठेवणारा कारकून. २००२ साली ही पोर आमच्याकडे कॉम्प्युटर सांभाळायला आली. संगमेश्वरजवळच्या खेड्यातली, पॉलिटेक्निक शिकलेली. रक्तदात्यांची सगळी यादी जुन्या डिस्कांवर होती आणि नवं मशीन त्या डिस्का वाचेच ना. मुंबईचे दोन जाणकार हात टेकून गेले. हिने त्यांवरच्या फाइली मशीनला वाचून देणारा कोड, फाइलसिस्टिम म्हणतात त्याला, स्वतः लिहिला, सात महिने खपून. मी विचारलं, "अगो, जमलं कसं तुला?" तर नुसती हसली.

पुढच्या आषाढात मात्र उतरल्या तोंडाने आली. "काका, माझ्या कोडात गळती आहे. फाइल उघडताना मशीन थोडी मेमरी घेतं, काम झालं की परत करतं. कुठेतरी परत करायचं राहतंय."

"म्हणजे वाडीतली टोपं लग्नाला न्यायची आणि दरवेळी एखादं ठेवून घ्यायचं."

"तसंच. दिवसभरात जातं ते इतकं थोडं, की कुठून जातं कळत नाही, आणि मशीन बंद केलं की सगळं पुन्हा भरून येतं. चार दिवस सलग चालू ठेवलं तर सापडेल. नाहीतर एक दिवस अडकून बसेल, नेमकं नको तेव्हा."

तिला साडेपाचची एसटी गाठावी लागे. म्हणून तिने मशीनच्या बटणावर चिठ्ठी डकवली: 'चार दिवस बंद करू नये. आम्रपाली.'

पेढी सहाला बंद व्हायची. तीस वर्षं मी पंखा, दिवे, सगळी बटणं बंद करून मगच कुलूप लावत आलो. कालची पोर मला चिठ्ठी लिहून शिकवणार? मी बटण दाबायचो. सकाळी ती विचारी, "काका, बंद झालं होतं?" मी म्हणे, "लाईट गेली असेल." रत्नागिरीत लाईट जातेच, कोण खोटं म्हणणार. महिनाभर हेच चाललं.

गणपतीला मी आंजर्ल्याला घरी गेलो. तिलाही सुट्टी होती. माझ्या जागी बदलीवर रघू आला, बिचारा नेमस्त माणूस. त्याने चिठ्ठी वाचली आणि बटणाला हात लावला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी भाट्ये गावातल्या विमलाला बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला. रक्त हवं ओ निगेटिव्ह, पेढीत एक पिशवी नाही. रघू यादी उघडायला गेला तर मशीन दगडासारखं गप्प. बंद करून चालू करायचं तर समोर चिठ्ठी, आणि चार दिवस कधीपासूनचे ते तिच्यावर लिहिलेलं नाही. आम्रपालीच्या गावात फोन एकाच दुकानात. तिला निरोप पोचून तिने "दाबा बटण" म्हणेपर्यंत अडीच तास गेले. यादीतला एक दाता आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहत होता. तो धावत आला, पण विमला गेली होती. पोर तेवढी वाचली.

आम्ही सुट्टीवरून परतलो तेव्हा पेढीच्या मोठ्या डॉक्टरांनी चिठ्ठी टेबलावर आपटली. आम्रपाली म्हणाली, "मी महिनाभर चार दिवस मागत होते. मशीनमधली नोंद बघा, रोज सहाला बंद पडायचं." डॉक्टरांनी मला विचारलं, "काय हो, तुम्ही बंद करत होता?"

मी म्हणालो, "लाईट जाते, डॉक्टर."

तिला काढलं. जायच्या दिवशी ती मशीनपुढे बसली. पाच दिवसांची नोंद आता हातात होती, तासाभरात चूक सापडली. शोधलेलं नाव सापडलं नाही की घेतलेली मेमरी परत करायची राहत होती. दोन ओळी वाढवल्या, झालं.

पिशवी खांद्याला लावून ती माझ्यापाशी आली. आवाज चढवला नाही.

"काका, रोज बरोब्बर सहाला लाईट जात नाही हो. आता तुम्ही बंद केलंत तरी चालेल, नाही केलंत तरी चालेल."

डॉक्टर शेजारच्या खोलीतच होते, दार उघडं होतं. मी चष्मा पुसत बसलो.